मेबल आरोळे

डॉ. मेबल रजनीकांत आरोळे (जन्म : जबलपूर, २६ डिसेंबर १९३५; मृत्यू : १९९९) या भारतीय डॉक्टर, सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ आणि आरोग्यशिक्षक होत्या. पती डॉ. रजनीकांत आरोळे यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातील निरक्षर आणि अल्पशिक्षित स्त्रियांना आहार, बालसंगोपन, बाळंतपण आणि साथीचे आजार यांविषयीचे वैद्यकीय ज्ञान देऊन त्यांच्याकडूनच गावाचे आरोग्य सांभाळण्याची पद्धत या प्रकल्पाने विकसित केली. ही पद्धत पुढे ‘जामखेड प्रतिमान’ म्हणून जगभर अभ्यासली गेली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

बालपण आणि शिक्षण

मेबल यांचा जन्म मध्य प्रदेशातील जबलपूर येथे झाला. त्यांचे वडील राजप्पन इमॅन्युएल हे तेथील लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात बायबलच्या नव्या करारातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक होते. आईचे नाव बिआट्रिस गुणरत्नम. घरात शिक्षणाला आणि सेवेला महत्त्व होते. मराठी ही मेबल यांची मातृभाषा नव्हती आणि खेड्यातील जीवनाशी त्यांचा बालपणी फारसा संबंध आला नव्हता.

वैद्यकीय शिक्षणासाठी त्या तमिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. डॉ. आयडा स्कडर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लावलेल्या रोपट्यातून ही संस्था वाढली होती. रुग्णालयात बसून रुग्णाची वाट पाहण्याऐवजी रस्त्याकडेला दवाखाना भरवून खेड्यांपर्यंत जाण्याची परंपरा स्कडर यांनी तेथे घालून दिली होती. याच महाविद्यालयात मेबल यांची रजनीकांत आरोळे यांच्याशी ओळख झाली. रजनीकांत हे अहमदनगर जिल्ह्यातील राहुरीचे. त्यांचे आईवडील दोघेही शिक्षक होते. दोघांनी १९५९ मध्ये एम.बी.बी.एस. पदवी मिळवली आणि १९६० मध्ये त्यांचा विवाह झाला. खेड्यातील गरिबांसाठी आयुष्य वेचण्याचा निश्चय त्यांनी विवाहाच्या वेळीच केला होता.

वडाळा येथील अनुभव

१९६२ पासून सुमारे चार वर्षे आरोळे दांपत्याने नेवासा तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. रुग्णांची गर्दी वाढत गेली आणि शस्त्रक्रियाही होऊ लागल्या. नेहमीच्या अर्थाने रुग्णालय यशस्वी होते. पण काही काळातच त्यांना एक गोष्ट जाणवू लागली. हगवणीने सुकलेले मूल सलाईन देऊन बरे करून घरी पाठवावे, तर काही आठवड्यांनी तेच मूल त्याच अवस्थेत परत येई. धनुर्वाताने दगावणारी नवजात अर्भके, गोवरानंतर अशक्त होणारी बालके, रक्तक्षयाने फिकट पडलेल्या गरोदर स्त्रिया यांची रांग संपत नसे. यांतील बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते आणि त्यांचे मूळ घरातील ताटात, पाण्यात आणि समजुतींत होते. रुग्णालयाच्या भिंतीआड राहून ते मूळ उपटता येणार नव्हते.

ज्यांना उपचारांची सर्वाधिक गरज होती, ती माणसे रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हती, हेही त्यांच्या लक्षात आले. दलित वस्तीतील, भूमिहीन कुटुंबांतील आणि विशेषतः स्त्री रुग्णांच्या वाट्याला दवाखाना अगदी शेवटच्या घटकेला येई. वडाळ्याच्या या चार वर्षांनी दोघांच्या पुढील कामाची दिशा ठरवली.

अमेरिकेतील शिक्षण

१९६६ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर दोघे अमेरिकेला गेले. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे त्यांनी रुग्णालयीन प्रशिक्षण घेतले. त्यानंतर बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर पदवी मिळवली. तेथे त्यांना डॉ. कार्ल टेलर यांचे मार्गदर्शन लाभले. टेलर यांचा जन्म भारतातच झाला होता आणि पंजाबातील नारंगवाल येथे त्यांनी ग्रामीण आरोग्य व पोषणाविषयी महत्त्वाचे संशोधन केले होते. बालकाचे कुपोषण आणि संसर्ग परस्परांना कसे वाढवत नेतात, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. जामखेडच्या कामाचा आराखडा आरोळे दांपत्याने या शिक्षणकाळातच तयार केला. अमेरिकेत राहून स्थिर वैद्यकीय व्यवसाय करण्याची संधी असतानाही १९७० मध्ये ते भारतात परतले.

जामखेडची निवड

जामखेड हा अहमदनगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. बीड, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमा त्याला भिडतात. अहिल्याबाई होळकर यांचे जन्मगाव चौंडी आणि १७९५ च्या लढाईमुळे इतिहासात नोंदले गेलेले खर्डा ही गावे याच तालुक्यातील. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात पाऊस अनिश्चित होता, सिंचन नगण्य होते आणि ज्वारी-बाजरीवर गुजराण होती. दर वर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडत.

जेथे गरज मोठी आहे आणि लोकांची सहभागाची तयारी आहे, अशाच ठिकाणी काम करायचे, असे आरोळे दांपत्याने ठरवले होते. जामखेडच्या स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना बोलावले आणि वापरात नसलेला जनावरांचा जुना दवाखाना कामासाठी दिला. याच जागेत १९७० मध्ये प्रकल्पाचे काम सुरू झाले. सुरुवातीला सुमारे ३० गावे आणि ४० हजार लोकसंख्या हे कार्यक्षेत्र होते. पुढे शेजारच्या तालुक्यांतील गावांतही काम पसरले. रजनीकांत यांनी शस्त्रक्रियांबरोबर गावातील पुरुषमंडळी आणि शेतकरी यांच्यातील कामाची धुरा वाहिली. स्त्रिया, बालके आणि आरोग्यसेविकांचे शिक्षण हे मेबल यांच्या कामाचे प्रमुख क्षेत्र राहिले. अर्थात ही विभागणी काटेकोर नव्हती.

दुष्काळ आणि आहाराचे काम

काम सुरू होऊन थोडाच काळ लोटतो तोच १९७१ ते १९७३ या वर्षांचा महाराष्ट्रातील भीषण दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली आणि लोक खडी फोडण्याच्या कामावर गेले. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी हा त्या काळातील अनेक घरांचा आधार होता. गावकऱ्यांशी बोलताना त्यांची पहिली गरज औषधाची नसून अन्नाची आणि पाण्याची आहे, हे आरोळे दांपत्याला उमगले. त्यांनी आपला क्रम बदलला.

गावोगावी पाच वर्षांखालील मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. बाहेरून मिळालेले धान्य वाटून थांबण्याऐवजी गावानेही आपला वाटा उचलावा, असा आग्रह होता. कोणी सरपण आणले, कोणी भांडी दिली, काही शेतकऱ्यांनी मुलांच्या आहारासाठी धान्य पिकवायला जमिनीचा तुकडा दिला. सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

कोणत्या मुलाला आहाराची अधिक गरज आहे, हे ठरवण्यासाठी मुलांची वजने घेतली जात. एका वेळच्या वजनाच्या आकड्यापेक्षा दर महिन्याच्या वजनाची रेघ वर चालली आहे, आडवी पडली आहे की खाली उतरते आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियात काम करताना या तत्त्वावर वाढीचा आलेख तयार केला होता आणि तो अनेक देशांत स्वीकारला गेला. अक्षर न ओळखणाऱ्या स्त्रीलाही अशी रेघ वाचता येते. आडवी पडलेली रेघ मूल आजारी दिसू लागण्यापूर्वीच धोक्याची सूचना देते. जामखेडच्या कामात वजनकाट्याला यामुळे औषधाच्या पेटीइतकेच स्थान मिळाले.

आहाराविषयीच्या समजुती हा या कामातील खरा अडथळा होता. गरोदर स्त्रीने जास्त खाल्ले तर मूल मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते, असा समज होता. परिणामी गरोदरपणातच उपासमार होई. बाळाला आईचा पहिला चीक न देता फेकून दिला जाई. वर्ष-वर्ष उलटले तरी मुलाला वरचे अन्न सुरू होत नसे. हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडले जाई. घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाणारी व्यक्ती सून असे. डॉक्टरने दवाखान्यात बसून सांगितल्याने या समजुती बदलत नसत. त्या बदलण्यासाठी त्याच घराच्या ओसरीवर बसू शकणारे आणि तीच भाषा बोलणारे माणूस हवे होते.

ग्रामआरोग्यसेविका

प्रकल्पाने आरंभी गावांत राहण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका नेमून पाहिल्या. हा प्रयोग फसला. शहरी वळणाच्या, बहुधा अविवाहित तरुणी एकट्या खेड्यात राहू शकत नव्हत्या आणि गावातील स्त्रियाही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या. अशा वेळी गावातीलच एखादी स्त्री निवडून तिला का शिकवू नये, हा विचार ग्रामस्थांशी झालेल्या चर्चेतून पुढे आला. त्यातून ग्रामआरोग्यसेविका ही कल्पना साकारली.

सेविकेची निवड गावाने करायची होती. शिक्षणाची अट नव्हती. ती विवाहित, गावात स्थिर राहणारी आणि इतरांसाठी काही करण्याची इच्छा असलेली असावी, एवढीच अपेक्षा होती. पहिल्या तुकड्यांतील बऱ्याच स्त्रिया निरक्षर होत्या आणि अनेक जणी दलित समाजातील होत्या. काही परित्यक्ता होत्या, काहींनी बालविवाहाचे आणि मारहाणीचे दुःख सोसले होते. घरी आणि गावात आपल्या शब्दाला किंमत आहे, असा अनुभव त्यांच्यापैकी फारच थोड्यांना होता.

अशा स्त्रियांच्या हाती आरोग्यसेवा सोपवणे ही त्या काळी वैद्यकीय व्यवसायाच्या दृष्टीने धाडसाची गोष्ट होती. निरक्षर बाईच्या चुकीने एखादा जीव गेला तर जबाबदार कोण, असा प्रश्न यात स्वाभाविकपणे होता. मेबल यांनी त्याचे उत्तर कामाच्या रचनेतून दिले. सेविकेने काय करावे याइतकेच काय करू नये आणि कोणत्या लक्षणांवर रुग्णाला तात्काळ जामखेडला पाठवावे, हे तिला पक्के शिकवले जाई. परिचारिका, समाजकार्यकर्ते आणि डॉक्टर यांचे फिरते पथक गावाला नियमित भेट देऊन सेविकेचे काम पाही, अडलेले रुग्ण तपासे आणि गावासमोर तिच्या कामाला मान देई. जामखेडचे रुग्णालय हा या साखळीचा शेवटचा दुवा होता.

प्रशिक्षणाची पद्धत

सेविका दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत आणि गावी परतत. एकदाच दीर्घ अभ्यासक्रम उरकून प्रमाणपत्र देण्यापेक्षा थोडे शिकणे, ते गावात करून पाहणे आणि पुढच्या आठवड्यात अनुभव घेऊन परत येणे, हा क्रम मेबल यांना अधिक योग्य वाटला. पाठाची सुरुवात बहुधा गावात काय घडले याच्या सांगण्याने होई. कोणाकडे मूल दगावले, कोणती गरोदर बाई तपासणीला आली नाही, कोणत्या सासूने विरोध केला, हे सर्व जणी ऐकत आणि त्यावर बोलत. नवा विषय त्या बोलण्यातूनच निघे.

लिहिता-वाचता न येणाऱ्या वर्गासाठी गाणी, गोष्टी, चित्रे आणि छोटे नाट्यप्रवेश ही साधने होती. जंतुसंसर्ग, नाळ कापण्यासाठी उकळलेले पाते, मीठ-साखर-पाण्याचे प्रमाण, गरोदर स्त्रीचा आहार, लसीकरणाचे वेळापत्रक, क्षयाची आणि कुष्ठरोगाची लक्षणे, कुटुंबनियोजनाची साधने असे विषय पुन्हापुन्हा घेतले जात. शिकलेले दुसऱ्याला सांगता आले तरच ते आले, अशी कसोटी होती. सेविकांनी हे ज्ञान गावातील महिला मंडळांना द्यावे, म्हणजे त्यांच्या अनुपस्थितीतही ते गावात राहील, असा यामागचा विचार होता.

प्रशिक्षणाचा दुसरा भाग वैद्यकीय नव्हता. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रिया एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत आणि एका खोलीत झोपत. सुरुवातीला अनेकींना हे जड गेले. आपल्या मनातील भीती आणि कमीपणा उघडपणे बोलून दाखवण्याला मेबल महत्त्व देत. स्वतःला तुच्छ समजणारी स्त्री दुसऱ्या स्त्रीला चार घास अधिक खाण्याचा हक्क आहे हे पटवू शकणार नाही, अशी त्यांची धारणा होती. आत्मसन्मानाचे शिक्षण हा त्यांच्या दृष्टीने पोषणशिक्षणाचाच भाग होता.

पाणी, जात आणि महिला मंडळे

दुष्काळात कूपनलिका खोदताना त्यांच्या जागा शक्यतो दलित वस्तीत किंवा तिच्यालगत निवडल्या जाव्यात, असा प्रयत्न प्रकल्पाने केला. पाण्यासाठी सगळ्या गावाला तेथे यावे लागले आणि पाणवठ्यावरची शिवाशिव हळूहळू सैल झाली. गावांत शेतकरी मंडळे स्थापन झाली. त्यांनी बांधबंदिस्ती, वृक्षलागवड आणि पाणी अडवण्याची कामे हाती घेतली. महिला मंडळांनी बचत, छोटी कर्जे आणि जोडधंदे सुरू केले. पिकले नाही तर ताटात पडणार नाही आणि बाईच्या हाती पैसा आला नाही तर मुलाच्या ताटात पडणार नाही, हे सूत्र या साऱ्या कामांना जोडणारे होते.

कुष्ठरोग्यांना वेगळे न काढता सर्वसाधारण रुग्णांबरोबरच त्यांच्यावर उपचार केले गेले. अपंगांसाठी जयपूर फूट बनवण्याची कार्यशाळा जामखेडला उभी राहिली. निराधार स्त्रिया आणि भूमिहीन यांच्या पुनर्वसनासाठी खडकत येथे शेती विकसित करण्यात आली.

परिणाम

प्रकल्पाने आपल्या कार्यक्षेत्रातील नोंदी सातत्याने ठेवल्या आणि त्या प्रसिद्ध केल्या. या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ मध्ये ५२ पर्यंत खाली आला आणि नव्वदच्या दशकात तो तिसाच्याही खाली गेला. पाच वर्षांखालील मुलांमधील कुपोषणाचे प्रमाण १९७१ मध्ये ४० टक्के होते. १९७६ मध्ये ते ३० टक्के आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ५ टक्क्यांच्या आसपास आले. गरोदरपणातील तपासणी १९७१ मध्ये जवळजवळ शून्य होती. पाच वर्षांत ती ८० टक्के स्त्रियांपर्यंत पोहोचली. कुटुंबनियोजनाची साधने वापरणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते, ते १९७६ मध्ये ३८ टक्के झाले.

या आकड्यांतील दोन गोष्टी अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारख्या आहेत. बालमृत्यू झपाट्याने घटले, पण कुपोषण हटायला त्याहून अधिक काळ लागला. लस, मीठ-साखर-पाणी आणि स्वच्छ बाळंतपण यांचा परिणाम लवकर दिसतो. आहार मात्र शेती, उत्पन्न आणि घरातील स्त्रीचे स्थान यांवर अवलंबून असल्याने सावकाश बदलतो. दुसरी गोष्ट अशी की, मुले जगू लागल्यावर लहान कुटुंबाचा स्वीकार वाढला.

लेखन आणि आंतरराष्ट्रीय प्रभाव

जामखेडच्या कामाला आरंभापासून जिनिव्हा येथील ख्रिश्चन मेडिकल कमिशनचे सहकार्य होते. या आयोगाच्या ‘कॉन्टॅक्ट’ या नियतकालिकातून जामखेडची माहिती सत्तरच्या दशकात अनेक देशांतील डॉक्टर आणि आरोग्यसेवकांपर्यंत गेली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूएल यांच्या संपादनाखाली ‘हेल्थ बाय द पीपल’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात विविध देशांतील लोकाधारित आरोग्यप्रयोगांबरोबर आरोळे दांपत्याने लिहिलेले जामखेडवरील प्रकरण होते. १९७८ मध्ये सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे प्राथमिक आरोग्यसेवेविषयीची जागतिक परिषद झाली. तिच्या विचाराला ज्या प्रत्यक्ष प्रयोगांचा आधार होता, त्यांत जामखेडचा समावेश होतो.

१९९४ मध्ये मेबल आणि रजनीकांत यांचे ‘जामखेड’ हे इंग्रजी पुस्तक प्रकाशित झाले. प्रकल्पाचा इतिहास, फसलेले प्रयोग आणि सेविकांच्या जीवनकथा यांचा त्यात समावेश आहे. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांत ते वाचले जाते.

प्रशिक्षणासाठी येणाऱ्यांची संख्या वाढल्याने जामखेडला नव्वदच्या दशकात स्वतंत्र प्रशिक्षण व संशोधन संस्था आकारास आली. भारतातील शासकीय व स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि शंभराच्या आसपास देशांतील डॉक्टर, परिचारिका व विद्यार्थी येथे शिकून गेले. या वर्गांत ग्रामआरोग्यसेविका शिक्षक म्हणून बोलतात. पदव्युत्तर पदवी घेतलेल्या डॉक्टरांना कधीकाळी अक्षरओळख नसलेली स्त्री बालकाची वाढ समजावून सांगते, हे जामखेडच्या शिक्षणाचे वैशिष्ट्य ठरले. १९८८ मध्ये जामखेडच्या एका सेविकेने वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भाषण केले. सभागृहातील झुंबरे आणि एका ज्योतीने दुसरी पेटवणाऱ्या साध्या पणत्या यांची तिने केलेली तुलना पुढे अनेकांनी उद्धृत केली.

टीका आणि मर्यादा

जामखेडचे यश दोन असामान्य डॉक्टरांच्या व्यक्तिमत्त्वावर अवलंबून होते आणि मोठ्या प्रमाणावर त्याची पुनरावृत्ती करणे अवघड आहे, अशी टीका होत आली आहे. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७७ पासून ग्रामीण आरोग्यरक्षकांची देशव्यापी योजना सुरू केली. परंतु तीत निवड बहुधा पुरुषांची झाली, प्रशिक्षण अल्पकालीन राहिले आणि सततच्या मार्गदर्शनाची साखळी उभी राहिली नाही. योजना हळूहळू निष्प्रभ झाली. जामखेडमधून नेमके काय घ्यायला हवे होते, हे या अनुभवातून स्पष्ट होते : सेविका नेमणे हा कामाचा छोटा भाग असून तिच्या मागे वर्षानुवर्षे उभे राहणे हा मोठा भाग आहे.

अल्मा-आता परिषदेनंतर लवकरच सर्वंकष आरोग्यसेवेऐवजी मोजक्या, स्वस्त आणि परिणामकारक उपायांवर भर द्यावा, असा विचार आंतरराष्ट्रीय पातळीवर पुढे आला. युनिसेफने ऐंशीच्या दशकात वाढीवर देखरेख, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण या चार उपायांचा पुरस्कार केला. हे चारही उपाय जामखेडला आधीपासून वापरात होते. मात्र पाणी, शेती, जात आणि स्त्रीचे स्थान यांपासून ते वेगळे काढता येत नाहीत, अशी आरोळे दांपत्याची भूमिका होती. हा वाद आजही संपलेला नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ कार्यकर्तीच्या कल्पनेमागे ज्या प्रयोगांचा अनुभव होता, त्यांत जामखेडचा उल्लेख केला जातो.

पुरस्कार आणि सन्मान

वडाळा येथील ग्रामीण सेवेबद्दल वेल्लोरच्या महाविद्यालयाने आरोळे दांपत्याला १९६६ मध्ये पॉल हॅरिसन पुरस्कार दिला. १९७९ मध्ये समाजनेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार दोघांना संयुक्तपणे मिळाला. १९९० मध्ये भारत सरकारने दोघांनाही पद्मभूषण देऊन गौरवले.

अखेरची वर्षे

नव्वदच्या दशकात मेबल यांनी युनिसेफच्या दक्षिण आशिया विभागीय कार्यालयात, काठमांडू येथे, सल्लागार म्हणून काम केले. जामखेडशी असलेले त्यांचे नाते त्या काळातही कायम होते. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. रजनीकांत यांनी पुढे बारा वर्षे काम चालू ठेवले. २५ मे २०११ रोजी त्यांचेही निधन झाले. कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी आरोळे यांनी प्रकल्पाची धुरा पुढे सांभाळली. २००८ च्या अखेरीस ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या मासिकाने जामखेडच्या सेविकांवर सविस्तर लेख प्रसिद्ध केला.

वारसा

मेबल यांनी काम सुरू केले तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रातील आहाराचा प्रश्न म्हणजे अन्नाची कमतरता, हे समीकरण होते. आज ते पुरेसे राहिलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे आणि त्याच वेळी १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया अतिवजनी किंवा लठ्ठ आहेत. हे दोन प्रश्न एकमेकांपासून तुटलेले नाहीत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासाने दाखवले की, भारतीय नवजात बाळ वजनाने कमी असले तरी त्याच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. गरोदरपणातील अपुऱ्या पोषणाचा पुढील आयुष्यातील मधुमेहाच्या धोक्याशी संबंध असल्याचे अशा अभ्यासांतून पुढे आले. गरोदर सुनेच्या ताटात काय पडते, हा मेबल यांनी पन्नास वर्षांपूर्वी हाती घेतलेला प्रश्न म्हणूनच लठ्ठपणा आणि मधुमेहाच्या अभ्यासकांनाही महत्त्वाचा वाटतो.

जामखेडच्या सेविकांच्या कामात काळानुसार उच्च रक्तदाब, मधुमेह आणि मानसिक आरोग्य यांची भर पडली. हे आजार दीर्घकाळ चालतात. त्यांत एकदाच्या औषधापेक्षा रोजचे खाणे, चालणे, नियमित तपासणी आणि घरच्यांची साथ यांना अधिक महत्त्व असते. शहरातील तज्ज्ञ डॉक्टर हे सर्व काही मिनिटांच्या भेटीत करू शकत नाही. शेजारच्या घरातील जाणती स्त्री ते करू शकते, पण तिला ज्ञान, सन्मान आणि अडीअडचणीला पाठीशी उभे राहणारी यंत्रणा मिळायला हवी. डॉक्टरपाशी साठून राहिलेले ज्ञान वाटून टाकल्याने सेवेचा दर्जा घसरत नाही, तो वाढतो, हे मेबल आरोळे यांच्या कामाने जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात आकड्यांनिशी दाखवून दिले. वैद्यकीय शिक्षणातील त्यांचे हे सर्वांत महत्त्वाचे योगदान मानले जाते.